गोट्यावरची फुली

मारेगावहून मुकुटबनच्या बाजूला जाताना रस्त्यात पाहण्यासारखं काय आहे, असं मला अजूनही कोणी ना कोणी विचारतं. माझं माहेर मारेगावचं, म्हणून विचारत असतील. त्यातल्या दोन गोष्टी मी हौसेनं सांगते. एक म्हणजे दोन शेंड्यांची शिंदी. खाली खोड एक, वर भांडलेल्या भावांसारखी दोन डोकी दोन दिशांना. दुसरा तो उतार, जिथे पाऊस पडला की पाणी चढाकडे वाहतंय असं वाटतं. गाडीवान शपथेवर सांगायचे की बैल सोडून दिले तरी गाडी आपोआप चढते. मी स्वतः उभी राहून पाहिलं आहे. गाडी चढत नाही, आपले डोळे फसतात. तिसरी गोष्ट सांगायची वेळ आली की मी पाणी प्यायला उठते.

ती तिसरी गोष्ट म्हणजे बोलका गोटा. आमच्याकडे लहान काय आणि मोठा काय, दगडाला गोटाच म्हणतात. हा चांगला माणूसभर लांब. फाट्यावर मोटार थांबली की रस्त्यापासून वीसेक पावलांवर मोहाचं झाड होतं, आणि त्याच्याखाली जमिनीतून वर आलेले सहा कोनांचे काळे दगडी खांब. कोणी घडवले नाहीत, पण घडवल्यासारखे दिसत. त्यांतला एक आडवा पडलेला होता. त्याचं बरंचसं अंग खालच्या दगडांवर टेकलेलं आणि एक टोक बाहेर अधांतरी. शेजारी नारळाएवढा गुळगुळीत दगड ठेवलेला असे. मनात प्रश्न धरायचा, तो दगड उचलायचा आणि गोट्यावर एकदाच मारायचा. घंटेसारखा खणखणला तर हो. ठप्प वाजला तर नाही. एका प्रश्नाला एकच टोला. दुसरा मारला तर गोटा रुसतो म्हणत.

जवळच लमाणांचा तांडा होता. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. पुढच्या नाल्यातून बैल पार होतील का, हे ते गोट्याला विचारायचे आणि मगच निघायचे, असं सांगत. आमच्या लोकांनी मग काय काय विचारलं त्याला ! मुलगा होईल का, हरवलेली म्हैस सापडेल का, कोर्टात कोण जिंकेल. मोटारीचा ड्रायव्हर मुद्दाम पाच मिनिटं थांबायचा. लोक उतरायचे, टोला मारायचे आणि हसत नाहीतर तोंड पाडून परत चढायचे.

माझे बाबा शाळामास्तर होते आणि गोट्यावर त्यांचा दातच होता. "गोटा एवढा हुशार हाये त मले कायले पगार देतात? त्यालेच मास्तर करा न," असं ते भर चौकात म्हणायचे. त्यांच्या कोटाच्या खिशात खडूचे तुकडे असत. नखाएवढा उरेपर्यंत ते खडू टाकत नसत. कोट धुवायला घेतला की माय आधी खिसे उलटे करायची आणि पांढरी भुकटी पाहून कपाळावर हात मारायची. घरात हिशोब असो, वाद असो की अंगणात खाट कुठं टाकायची ते असो, बाबा आधी खडूनं भुईवर आखून दाखवायचे. मला फार आवडायचं ते. जगातली प्रत्येक गोष्ट खडूनं आखून समजावता येते, असं मला त्यांच्यामुळेच वाटायचं.

त्यांच्या शाळेत सातवीच्या वर्गात मी एकटी मुलगी होते. ज्या वर्षी भिंतीवरचा नकाशा बदलला, म्हणजे आम्ही जागचे न हलता मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात जाऊन बसलो, त्या वर्षी बाबांनी पूर्ण वर्गासमोर सांगितलं, "ही फायनल पास झाली त मी हिले नॉर्मलले पाठवीन. मास्तरीन करीन." नॉर्मल म्हणजे मास्तर-मास्तरणी तयार करायची शाळा. मुलींसाठी तिथं बोर्डिंग होतं. दोन वर्षं राहायचं, आणि मग हातात छडी आणि खिशात स्वतःचा खडू. पोरं माझ्याकडे वळून वळून पाहत होती. मी मान वर करून बसले होते. आयुष्यात इतकी ताठ मी पुन्हा कधी बसले नाही.

मी पास झाले. बाबांनी वर्गात पेढे वाटले. नॉर्मलचा फॉर्म आणला. आणि त्याच आठवड्यात महागावचं स्थळ आलं.

स्थळ चांगलं होतं, उगाच का खोटं बोलू? घरची शेती, मुलगा शिकलेला, माणसं सभ्य. फक्त त्यांना लग्न याच उन्हाळ्यात हवं होतं. माय तर हरखून गेली. "दोन वर्सं कोन थांबते हिच्यासाठी? असं घर पुन्हा भेटन काय?" ती बाबांना दिवसातून दहादा विचारायची. बाबा काही बोलत नसत. मी फॉर्म घेऊन पुढे उभी राहिले की ते म्हणत, "पाहू." सगळ्या विषयांवर तोंड चालवणारा माणूस आठ दिवस 'पाहू' या एका शब्दावर काढत होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

नवव्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "असं करू. गोट्याले इचारू."

माझा घास तोंडातच राहिला. मायनं लगेच हात जोडले; तिची गोट्यावर फार श्रद्धा. बाबा ताटाकडे पाहत होते. त्यांच्या ओठांची काहीतरी हालचाल झाली आणि मला वाटलं, हसू दाबताहेत. एका क्षणात माझ्या लक्षात आलं. म्हणजे आलं असं मला वाटलं. मायचा विश्वास गोट्यावर, बाबांचा नाही. मायचं तोंड बंद करायला बाबांनी ही युक्ती काढली, माझ्यासाठी. कारण लहानपणापासून मी जेव्हा जेव्हा त्या गोट्यावर दगड मारला होता, तेव्हा तो खणखणलाच होता. बाबांना ते माहीत होतं. मी तोंडात घास तसाच ठेवून हसले. दुसऱ्या दिवशी माझी पत्र्याची पेटी काढली, पुसली, आणि तिच्यात दोन लुगडी आणि अंकगणिताचं पुस्तक ठेवलं.

रविवारी सकाळच्या मोटारीनं आम्ही तिघं फाट्यावर उतरलो. मोहाखाली नेहमीची लमाण आजी टेंभरं, म्हणजे तेंदूची पिवळी फळं, विकत बसली होती, शेजारी तिची सून. गोट्याच्या मधोमध एक बोटभर पांढरी फुली होती. कोणी चुन्याचं बोट लावलं असेल, नवसाचं असेल, असं मनात आलं आणि गेलं. मी दगड उचलला. मनात म्हटलं, मी नॉर्मलला जाऊ का?

तेवढ्यात आजीनं बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच त्यांच्या बोलीत काहीतरी पुटपुटली. त्यातला एकच शब्द मला कळला. तो ती दोनदा म्हणाली. "कोर. कोर."

कोर म्हणजे काय ते मला माहीत होतं. भाकरीची कोर, चंद्राची कोर. म्हणजे कडेला मार, असं म्हातारी मला सुचवत होती. मला इतका आनंद झाला की मी तिच्याकडे पाहून मान हलवली आणि गोट्याच्या अधांतरी टोकाशी जाऊन हात वर केला. लहानपणी मी तिथंच मारायची. तेच टोक माझ्या हाताला पुरायचं.

बाबा मागून आले. त्यांनी माझं मनगट धरलं. "तठी नाई बेटा. मधात. मधात मार."

त्यांच्या तळहाताला घाम आला होता. मी म्हटलं, बाबांना जास्त कळतं. मी मधे आले आणि मारला.

ठप्प.

एखादं पोतं जमिनीवर टाकावं तसा आवाज. मायनं पदर पसरून नमस्कार केला. "गोट्यानं सांगतलं," ती म्हणाली आणि तिचे डोळे आनंदानं भरून आले. बाबांनी टोपी काढून कपाळ पुसलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मग आजीकडून ओंजळभर टेंभरं घेतली, टोपीत घालून टोपी माझ्यापुढे धरली. "खाय बेटा," म्हणाले. परतीच्या मोटारीत मी ती सगळी खाल्ली, बिया खिडकीतून थुंकत. रडले नाही. बापाशी भांडले असते, मायशी भांडले असते. गोट्याशी काय भांडणार?

घरी आल्यावर मी पेटीतलं पुस्तक काढून फळीवर ठेवलं. पुढच्या महिन्यात त्याच पेटीतून माझं सामान महागावला गेलं.

सासरी माझा छळ झाला, असं काही नाही. नवरा शांत स्वभावाचा, मला वाचायला पुस्तकं आणून देणारा. सीझनमध्ये कापसाचा एवढा ढीग पडायचा की दम घ्यायला फुरसत नसे. पण माझ्यात एक बदल झाला आणि तो मला स्वतःलाच आवडत नव्हता. गोट्याला हसणाऱ्या बापाची मी मुलगी. मी उपास धरायला लागले. मांजर आडवं गेलं की थांबायला लागले. नशिबातच नव्हतं, असं म्हणायला लागले. ज्या गोष्टीनं माझं आयुष्य ठरवलं ती निदान खरी तरी असली पाहिजे ना ! मी भोळी झाले नाही, मला भोळं व्हावं लागलं.

आणि त्या लमाण आजीची मला फार आठवण यायची. त्या सगळ्या दिवसात माझ्या बाजूनं बोललेलं ते एकच माणूस, असं मी धरून चालले होते. परकी बाई, पण तिनं कोर दाखवली. मीच ऐकलं नाही. भाकरी थापताना कडेवरून बोट फिरवलं की कधी कधी तो शब्द कानात यायचा आणि बरं वाटायचं.

अशी सहा वर्षं गेली. मुकुटबनला माझी नणंद दिली होती. तिचं बाळंतपण झालं तेव्हा मी तिच्याकडे गेले, आणि मुलं सासूजवळच असल्यामुळे परतताना एकटीच दोन दिवस माहेरी जायला निघाले. बसचा टायर बसला तो नेमका गोट्याच्या फाट्यावर. तिथं सायकलवाल्या मियांचं खोपट होतं. ते ड्रायव्हरला मदत करायला आले. मला पाहून थांबले.

"तुमी मास्तरची पोरगी न? मास्तरसाब कैसे हैं?"

"बरे आहेत," मी म्हटलं.

"लय बारीक डोक्याचा मानूस, बाप्पा ! आपन तर त्याईले मानतो." ते पान्यानं नट सोडवता सोडवता सांगू लागले. "एक डाव त्याईची सायकल अठी पंक्चर झालती. मी पंक्चर काढेपर्यंत थे गोट्यापाशी गेलते. दुपारभर ठोकून राह्यलते. टोकाले खन्न, मधात ठप्प. मंग खिशातून खडू काढून मधात फुली मारली. मी म्हनलं, मास्तरसाब, ये क्या सर्वे कर रहे? त हासले बी नाई. म्हने, परयोग हाये."

"कधी?" मी विचारलं.

"तुमी तिघं आलते न मोटारीनं, त्याच्या आदल्या दिवशी. शनिवारची सकायची शाळा करून आलते. मी तुमाले हात बी केलता दुसऱ्या दिवशी."

ते मोठ्या कौतुकानं सांगत होते. मी हातातली पिशवी खाली ठेवली. सुरुवातीला मला काही जाणवलंच नाही. फक्त डोळ्यांपुढे ती पांढरी फुली आली. कागदावर चुकलेल्या उत्तरावर बाबा मारायचे तशीच, डावा पाय लांब असलेली. सहा वर्षं ती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी, त्यांच्याच हाताखाली शिकलेली, तिला चुन्याचं बोट समजत होते. मग अंगाची आग आग झाली. केसानं गळा कापला म्हणतात तो असा. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं, दोन दिवस जेवले नसते आणि शेवटी मुकाट्यानं महागावला गेलेही असते. मला नकाराचं दुःख नव्हतं. पूर्ण वर्गासमोर शब्द देणाऱ्या माणसाला तो मोडताना माझ्या तोंडाकडे पाहायची हिंमत झाली नाही. ज्याला जन्मभर हसला त्या दगडाच्या पाठीमागे तो लपला, आणि दगड मारायला हात वापरला माझा.

मोहाखाली आजी होती. जास्त वाकलेली, पण तीच. मी तिच्यासमोर जाऊन बसले. निदान हिला तरी सांगावं, असं मला वाटलं. "आजी, मले वळखलं काय? मास्तरची पोरगी. तुमी मले सांगतलं होतं, कोर, कोर म्हनून. कोरेवर मार म्हनून. मी ऐकलं नाई."

आजी डोळे बारीक करून पाहत राहिली. मग हसली. "कोर म्हंजे थे नाई बाई. आमी गोर. तुमी सारे कोर. आमच्या तांड्यातले नाई थे सारे कोर." सुनेकडे बोट दाखवून म्हणाली, "मी हिले म्हनलं, कोरांचं हाये. आपून कायले मधात पडाचं?"

"अन् फुली? तुमी पाह्यली होती?"

"पाह्यली न. मास्तर मारून राह्यलता तवा मी अठीच होती."

तिच्या तोंडावर काहीच अपराध नव्हता. का असावा? मी तिची कोण? तिनं तर तेव्हाच सांगितलं होतं, दोनदा, की मी तिची कोणी नाही. चूक माझी, मी परकेपणाचा शब्द माया समजून सहा वर्षं उराशी बाळगला. तरी राग आला. बापाचा आला तसाच, कदाचित थोडा जास्तच, कारण आता माझ्या बाजूचं त्या दिवशी तिथं कोणीच उरलं नाही.

मी उठले. गोट्यावर फुली नव्हती, पावसांनी केव्हाच धुऊन नेली होती. मी दगड उचलला, टोकाशी गेले आणि कोरेवर मारला. गोटा असा खणखणला की बसमधली माणसं खिडकीतून वाकून पाहू लागली. एक जण ओरडून म्हणाला, "बाई, काम झालं तुमचं !" मी पुन्हा मारला. पुन्हा वाजला. रुसला वगैरे काही नाही. म्हातारीनं न सांगितलेली जागा बरोबर होती. माझ्या लहानपणच्या हाताला ती आधीपासून माहीत होती.

घरी पोहोचले तेव्हा बाबा ओट्यावर वह्या तपासत बसले होते. केस पांढरे झालेले, कोट तोच. "ये बेटा," म्हणून त्यांनी बाजूला जागा केली. माय आत चहा टाकायला गेली. मी बसले नाही. म्हटलं, "बाबा, खडू आहे का?"

त्यांनी सवयीनं खिशात हात घालून तुकडा काढून दिला. मी सारवलेल्या भुईवर बसून गोटा काढला. लांबोडका, एक टोक बाहेर आलेलं. खाली टेकण म्हणून दोन गोळे. आणि मधोमध एक फुली, डावा पाय लांब. मग त्यांच्याकडे पाहिलं.

बाबांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. हातातली वही मिटली. मला वाटलं, आता हा माणूस एकदा तरी म्हणेल की बेटा, चुकलं माझं. मी तेवढ्यासाठीच आले होते. त्यापुढे मी काही मागितलं नसतं.

"कोनं सांगतलं?" ते म्हणाले.

"कोणी का सांगेना. मी त्या दिवशी कोरेवर हात धरला होता, बाबा. तो वाजणार होता."

त्यांनी वही बाजूला ठेवली. मग अगदी हळू, वर्गात एखाद्या मुलाला विचारावं तसं म्हणाले, "तुले माहीत होतं त मारून द्याचा होता. मी काय तुया हात तोडला असता? माहं ऐकलं काहून तू?"

याचं उत्तर मला येत होतं. ते इतकं सोपं होतं की तोंडातून निघेना. तुम्ही सांगितलं म्हणून ऐकलं. दुसरं काय कारण असणार? मी तशीच भुईवर बसून राहिले. आतून मायनं विचारलं, साखर किती टाकू.

बाबा उठले. पायानं, कोणाला दिसू नये इतक्या हलकेच, ते चित्र पुसलं. मग माझ्यापुढे हात केला.

"खडू दे बेटा. उद्या शाळा हाये."

मी दिला. त्याही वेळी त्यांचं ऐकलं.